लाटव्हियन आणि ह्माँग : मराठी जिभेला जवळची कोणती?

निंबोणी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आहे.

मी सेंट पॉलला (मिनेसोटा) असते, फिजिओथेरपिस्ट आहे. आठवड्यातून तीन दिवस एका वृद्धनिवासात जाते. तिथे एकाच मजल्यावर माझे दोन पेशंट आहेत. एक लाटव्हियन आजोबा. १९४४ साली सोव्हिएत फौजा परत येताहेत म्हणून आईचं बोट धरून रीगाहून निघाले, जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत काही वर्षं काढली आणि मग अमेरिका. दुसऱ्या ह्माँग आजी, लाओसच्या डोंगरातल्या. १९७५ नंतर मेकाँग नदी ओलांडून थायलंडची छावणी, तिथून इथे. आजोबांना इंग्रजी उत्तम यायचं, पण विसरभोळेपणा वाढला तसे ते पुन्हा लाटव्हियनमध्येच बोलू लागलेत. आजींना इंग्रजी कामापुरतंही नाही. कागदपत्रांच्या वेळी फोनवर दुभाषी मिळतो, पण रोजचं "पाय उचला, दुखतंय का" त्याच्यामार्फत कसं बोलणार? म्हणून दोन्ही भाषांतले थोडे थोडे शब्द मी वहीत उतरवून घेतलेत.

गंमत अशी की आजोबांचं बोलणं कानाला कुठेतरी ओळखीचं वाटतं. "मन साप" म्हणजे "मला दुखतंय". आजींचे शब्द मात्र एकाच अक्षराचे, उच्चारायला सोपे, आणि तिथेच माझी फसगत होते. "मॉ" म्हणजे दुखणं. परवा त्यांचा गुडघा हातात धरून मी विचारलं, "मॉ?" आजींनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली. मला वाटलं दुखत नाही, म्हणून पाय आणखी वाकवला. त्या कळवळल्या. रात्री घरी आल्यावरही तो चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता.

तर, दोन्हींपैकी नेटाने कुठली आधी शिकायला घेऊ? मराठी माणसाला कुठली लवकर येईल?

रीगाचा_पाऊस
ताई, मी रीगात मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात पेशंटशी लाटव्हियनमध्येच बोलावं लागतं, त्यामुळे शिकणं भागच होतं. माझं मत डोळे मिटून लाटव्हियनला. कारण सांगतो.

इंग्रजीतून शिकवणाऱ्या आमच्या बाईंना "मला भाऊ आहे" हे वाक्य जर्मन मुलांना समजावताना घाम फुटायचा. लाटव्हियनमध्ये "माझ्याजवळ भाऊ आहे" या अर्थाचं क्रियापदच वापरत नाहीत, "मन इर ब्रालिस" म्हणतात. मन म्हणजे मला, इर म्हणजे आहे, ब्रालिस म्हणजे भाऊ. शब्दाला शब्द मराठी! "मन पातीक" = मला आवडतं. "मन वायग" = मला पाहिजे. "मन यायेत" = मला जायला हवं. जिथे आपण "मला" म्हणतो तिथे बहुतेक वेळा ते "मन" म्हणतात. तुमचं "मन साप" त्याच माळेतलं.

आणि सगळ्यात भारी म्हणजे "म्हणे". आपण म्हणतो ना, "तो आजारी आहे म्हणे", म्हणजे मी बघितलेलं नाही, ऐकलंय. लाटव्हियनमध्ये त्यासाठी क्रियापदाचं वेगळं रूपच आहे. "विन्यश इर स्लिम्स" = तो आजारी आहे. "विन्यश एसुओत स्लिम्स" = तो आजारी आहे म्हणे. केस-हिस्टरी लिहिताना फार उपयोगी पडतं.

सह्यकडा
यात आश्चर्य कसलं? अग्नी – उगुन्स, धूम – दूमि, मधु – मेदुस, दिन – दिएना, देव – दिएव्स, वीर – वीर्स. लाटव्हियन ही सरळ सरळ संस्कृतातून निघालेली भाषा आहे.

अक्षरवेल
सह्यकडा, जोड्या सगळ्या बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र नाही. लाटव्हियन संस्कृतची मुलगी नाही, लांबच्या बहिणीच्या घरातली आहे. इंडो-युरोपीय कुळाच्या बाल्टिक शाखेतल्या लिथुआनियन आणि लाटव्हियन या दोनच भाषा आज जिवंत आहेत. संस्कृत दुसऱ्या शाखेतली. दोघींची आजी एक, ती कुणी लिहून ठेवलेली नाही.

"नऊ"चं उदाहरण घ्या. आपल्याकडे नव, त्यांच्याकडे देविन्यि. न चा द कुठून आला? शेजारी "देस्मित" (दहा) बसलाय, त्याच्या ओढीने. आकडे ओळीने म्हणताना शेजारच्याचा वास लागतो. अशा बारीक खुणांवरूनच कोण कुणाची कोण ते ठरतं, नुसत्या सारख्या दिसणाऱ्या शब्दांवरून नाही. ह्माँगमध्ये दोनला "ऑ" म्हणतात आणि लाटव्हियनमध्ये दोघांनाही मिळून "अबि" म्हणतात (संस्कृत उभौ). ऐकायला जवळ वाटतील, पण संबंध शून्य. ह्माँगचं कूळच निराळं आहे, ह्माँग-मिएन. ते ना चिनी, ना थाई.

सह्यकडा
आजी एक असेल तर मावशी म्हणायला हरकत नाही ना? मग मावशीची भाषा म्हणून तरी ताईंनी लाटव्हियनच शिकावी.

तांबडी_माती
निंबोणी, मी शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात दरवर्षी पाच-सहा ह्माँग मुलं असतात. तुझं "मॉ" नेमकं कुठे बिघडलं ते सांगते.

दुखणं हा "मॉ" उंच आणि सपाट आवाजात म्हणायचा. तोच "मॉ" मधून सुरू करून वर चढवत नेला की त्याचा अर्थ होतो भात. शिजलेला भात, जेवण. आपण मराठीत प्रश्न विचारताना शेवट वर नेतो ना? "दुखतंय?" तू तसाच "मॉ?" म्हणालीस. आजींना ऐकू आलं, "भात?" म्हणून त्यांनी घड्याळ बघितलं. जेवायची वेळ झाली नव्हती.

निंबोणी
अगं! वाचून अंगावर काटा आला. घड्याळाचा अर्थ मला आत्ता लागला.

तांबडी_माती
वाईट वाटून घेऊ नकोस, वर्षभर माझंही तेच चालू होतं. ही सुरांची भाषा आहे. पांढऱ्या ह्माँग बोलीत सात सूर धरतात, आठवा विशिष्ट जागीच येतो. "पॉ" हा एकच आवाज घे. उंच सपाट म्हटला तर गोळा. उंचावरून खाली आणला तर मादी. वर चढवला तर फेकणं. मधल्या पट्टीत प्लीहा. खालच्या पट्टीत काटा. घसा दाबून, चिरकवून तोडला तर दिसणं. आणि श्वास मिसळून म्हटला तर आजी, वडलांची आई.

हे कागदावर कसं दाखवतात ते बघ. रोमन लिपीत शब्दाच्या शेवटी एक अक्षर ठेवतात आणि ते वाचायचंच नाही. बी म्हणजे उंच सूर, जे म्हणजे उतरता, व्ही म्हणजे चढता, एस म्हणजे खालचा, जी म्हणजे श्वासाचा, एम म्हणजे चिरका. त्यामुळे ते स्वतःच्या नावाचं स्पेलिंग एच-एम-ओ-ओ-बी करतात. दोन ओ म्हणजे नाकातला "आँग", बी म्हणजे उंच सूर. हजेरीपटावर नावं बघून मी पहिल्या दिवशी सगळ्या मुलांची "ब" आणि "ज" मोठ्याने वाचली होती.

ही लिपी १९५० च्या सुमाराला लाओसमध्ये बार्नी, स्मॉली आणि बेर्त्रे या तीन मिशनऱ्यांनी मिळून बसवली. साध्या टाइपरायटरवर बसते, डोक्यावर टिंबं-रेघा लागत नाहीत, म्हणून टिकली.

रीगाचा_पाऊस
सूर लाटव्हियनमध्येही आहेत! फारसं कुणी सांगत नाही, कारण लिहीत नाहीत. "झाले" हा शब्द सपाट ताणला तर सभागृह, मध्येच घशात अडवून तोडला तर गवत. स्पेलिंग एकच. व्याकरणात तीन सूर सांगतात : ताणलेला, पडता आणि तुटका. रीगातले पुष्कळ लोक सगळे वेगळे ठेवत नाहीत, पण जुन्या माणसांच्या तोंडून तुटका सूर ऐकला की लगेच कळतो.

अक्षरवेल
रीगाचा_पाऊस, तुम्ही मोलाचं लिहिलंत. हा तुटका सूर आणि ह्माँगचा तो चिरका सूर, दोन्ही घशाच्या एकाच जागी घडतात. स्वरयंत्र क्षणभर आवळायचं. नातं काही नाही, पण निंबोणीने एक शिकला तर दुसरा अर्धा आलाच.

आणि श्वासाचा सूर मराठी माणसाला शिकवावाही लागत नाही. "भाकरी" म्हणताना भ नंतरच्या आ मध्ये जी हवा मिसळते, तीच ती. घ, झ, ढ, ध, भ ज्याला येतात त्याला आजी हाक मारता येईल. अमेरिकन माणसाला इथेच महिने लागतात.

"ह्म" मात्र आपला "म्ह" नव्हे बरं का. म्हैस, म्हातारी म्हणताना म घुमतो आणि ह मागून येतो. ह्माँगमधला म घुमतच नाही, नाकातून नुसती हवा सोडायची, चष्म्याची काच पुसताना सोडतो तशी, पण ओठ मिटून.

चुलीवरचा_धूर
ओठ मिटून चष्मा पुसायचा प्रयत्न करून बघितला, घरातले बघायला लागले. :)

अवांतर : सेंट पॉलच्या ह्माँगटाउन मार्केटप्लेसमध्ये गेलात तर तिथला "कुआ त्सॉ" खाऊन बघा. उखळात हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, मीठ ठेचतात, वर माशाचा सॉस आणि लिंबू. माशाचा वास सोडला तर आमच्या कोल्हापूरचा ठेचाच. आणि तोही भाताबरोबर, भाकरीबरोबर नाही. गेल्या उन्हाळ्यात बहिणीकडे गेलो होतो तेव्हा दोन बरण्या बांधून आणल्या.

मोडी_वाचक
रोमन लिपीचं वर आलंय, पण ह्माँगची स्वतःची लिपी राहूनच गेली. १९५९ साली लाओसमध्ये शाँग लू यांग नावाच्या शेतकऱ्याने पहाऊ ह्माँग ही लिपी बसवली. या माणसाला त्याआधी कुठलीच लिपी लिहिता-वाचता येत नव्हती. निरक्षर माणसाने आख्खी लिपी घडवल्याची उदाहरणं जगात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. तिच्यात त्याने स्वतःच पुढे सुधारणाही केल्या. लोक त्याला "लेखनाची माता" म्हणत. १९७१ साली सैनिकांनी त्याला मारलं.

लिपीची रचना आपल्या अगदी उलट आहे. देवनागरीत व्यंजन मुख्य आणि स्वर म्हणजे त्याला लागलेली मात्रा. पहाऊमध्ये स्वर मुख्य. व्यंजन त्याच्या आश्रयाला, आणि लिहायचं स्वरानंतर, वाचायचं मात्र स्वराआधी. विचित्र वाटलं तर "कि" लिहून बघा. वेलांटी आधी काढतो, वाचतो नंतर. आपल्याकडे हे एकाच स्वराला होतं, त्यांच्याकडे सगळ्यांना. आपण न लिहिलेला "अ" धरून चालतो, ते न लिहिलेला "क" धरून चालतात! मी त्या लिपीचा तक्ता छापून टेबलापाशी लावलाय.

लाटव्हियनची लिपी रोमनच. पण आधी जर्मन वळणाने लिहीत, एकाच आवाजाला तीन-तीन अक्षरं. १९०८ च्या समितीने ती मोडली. मिलेनबाख आणि एन्झेलीन्स हे भाषातज्ज्ञ त्यात पुढे होते. दीर्घ स्वरावर आडवी रेघ, मऊ व्यंजनाखाली शेपटी. ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळणारी लिपी बघून मला तर घरी आल्यासारखं वाटतं.

पैठणी
आजोबांना ओव्या येतात का विचार गं निंबोणी. लाटव्हियनमध्ये त्यांना "दाइना" म्हणतात. बहुतेक चारच ओळी, मोठा हिस्सा बायकांच्या तोंडचा. क्रिश्यानिस बारोन्स या माणसाने त्या जमवल्या, १८९४ ते १९१५ मध्ये सहा खंडांत छापल्या, दोन लाखांहून जास्त! प्रत्येक दाइना बोटभर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून तो ७० खणांच्या कपाटात ठेवायचा. ते कपाट रीगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, २००१ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद घेतली.

त्यांतल्या काही तर जात्यावरच्याच आहेत. दळायचं, सासरचं, पोरकेपणाचं. माझी आजी मुळशीची. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या लाखाच्या घरात जमवल्या, त्यात आमच्या बाजूच्या गावांतल्या बायकांच्याही आहेत. त्या दाइना वाचताना मला दर वेळी आजीच्या जात्याची घरघर ऐकू येते. सूर्य तिकडे बाई आहे, साउले. लाडाने साउलीते. आपण आई-माउली म्हणतो तसं प्रत्येक गोष्टीला लाडाचं रूप, भाकरीला मायझे आणि लाडाने मायझीते.

सह्यकडा
साउलीते वाचून "साउली" आठवली. आमच्याकडे सावली आणि त्यांच्याकडे ऊन!

अक्षरवेल
तेवढं मात्र योगायोग. :) सावली छायेच्या घरची, साउले सूर्याच्या. पण अर्थाने समोरासमोर उभ्या राहिल्यात खऱ्या.

तांबडी_माती
दाइनांचा विषय निघालाय तर ह्माँगचंही सांगते. त्यांच्यात "केंग" नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य आहे, अंत्यविधीला वाजवतात. ते नुसतं वाजत नाही, बोलतं. सुरांची भाषा असल्यामुळे शब्दांचे सूर नळीतून काढता येतात आणि जाणकाराला शब्द ऐकू येतात. गेलेल्या माणसाला त्याच्या जन्मगावापर्यंत परतीची वाट केंग सांगत नेते. एका विद्यार्थ्याच्या आजोबांच्या वेळी मी गेले होते, तीन दिवस चाललं होतं. मला शब्द कळत नव्हते, पण बाजूला बसलेल्या बाई वाद्याला मान डोलावून होकार देत होत्या.

चुलीवरचा_धूर
तांबडी_माती, हे वाचून थांबलो थोडा वेळ.

कोकणचा_काका
व्याकरण कुणाचं सोपं? आमच्या वेळी संस्कृतची रूपं पाठ करताना जीव जायचा. ती लाटव्हियनमध्ये असतील तर मी ह्माँगच्या बाजूने.

रीगाचा_पाऊस
काका, आहेत. सात विभक्त्या. माणसांच्या नावांनाही सोडत नाहीत. शेक्सपिअरचं शेक्स्पीर्स होतं. इथे आल्यापासून आमच्यातला अमित अमित्स झालाय, आणि हाक मारताना स पुन्हा गळतो. प्रियांका सुटली, तिच्या शेवटी आ आधीपासूनच होता. पण मराठी माणसाला विभक्ती म्हणजे काय हे समजवावं लागत नाही, नुसते प्रत्यय पाठ करायचे. "रीगात" म्हणायला शेवटचा स्वर लांबवला की झालं.

तांबडी_माती
काका, ह्माँगमध्ये विभक्ती नाही, लिंग नाही, वचन नाही, काळाची रूपं नाहीत. शब्द कधी बदलतच नाही. त्याऐवजी मोजायच्या शब्दांची फौज आहे. नुसतं "एक घर" चालत नाही, "लू" लावून "इ लू चे". चाकूला "टा", कुत्र्याला "तू". "न्दाऊ" म्हणजे कागद किंवा लिखाण. त्याला "दाइ" लावा, सुटा कागद. "फाऊ" लावा, पुस्तक. "चा" लावा, पत्र.

पैठणी
आपल्याकडेही आहे की. लसणाचा गड्डा आणि लसणाची पाकळी, केळ्यांचा घड आणि केळ्यांची फणी, कोथिंबिरीची जुडी.

अक्षरवेल
पैठणी, ती मापं झाली. "दोन चाकू" म्हणताना आपण काही लावत नाही. पण माणसं मोजताना बघ : दोघं, तिघी, चौघं, पाच जण. "तीन माणसं" असताना "तिघं" का लागतं? तेवढ्यापुरता तो दरवाजा आपल्याकडेही किलकिला आहे.

सर्वनामांत मात्र ह्माँग संस्कृतला जवळ जाते. मी, आम्ही दोघं, आम्ही सगळे, तिन्हींना वेगवेगळे शब्द. आपलं द्विवचन गेलं, लाटव्हियनचं गेलं, ह्माँगच्या सर्वनामांत रोज वापरात आहे.

निंबोणी
किती लिहिलंत सगळ्यांनी! एक विचारायचं राहिलं. आजींची नात म्हणाली, "आजीचं यकृत तुटलंय." मी घाबरून फाइल काढली. रिपोर्ट सगळे ठीक.

तांबडी_माती
तू शिआ! अगं, "शिआ" म्हणजे यकृत, आणि मन तिथेच राहतं. तू शिआ, यकृत तुटलं, म्हणजे दुःख झालंय. झाँग शिआ, यकृत चांगलं, म्हणजे आनंद. शिआ लू, आखूड यकृत, म्हणजे तापट. शिआ न्दे, लांब यकृत, म्हणजे सोशिक. नात इथे जन्मलेली, तिने शब्दाला शब्द इंग्रजी केलं.

कोकणचा_काका
मग आपलं "काळीज" काय वेगळं? काळजाला घरं पडली, काळीज तुटलं, काळजाचा तुकडा. मटणवाल्याकडे काळीज मागा, तो हृदय देत नाही, यकृतच तोलून देतो!

अक्षरवेल
काका, दंडवत. एवढं बोललो सगळे आणि काळीज तुम्ही काढलंत.

शनिवारची_शाळा
इतके दिवस नुसती वाचत होते. इथल्या मराठी शाळेत शिकवते. लाटव्हियन निर्वासितांनी इथे आल्या आल्या मुलांसाठी शनिवारच्या शाळा काढल्या, पुढची सगळी सोव्हिएत वर्षं त्या चालवल्या. १९९१ साली देश परत स्वतंत्र झाला तेव्हा परदेशात जन्मलेली, लाटव्हियन बोलणारी मुलं तिकडे राहायला गेली. एवढीशी भाषा, १५ लाखांच्या आसपास माणसं. आमच्या वर्गात पालक विचारतात, "मराठीचा उपयोग काय?" निंबोणी, तुमच्या आजोबांचं इंग्रजी गेलं आणि लाटव्हियन राहिली, हे मी त्यांना सांगणार आहे. नाव-गाव न घेता, चालेल ना?

निंबोणी
सांगा. आनंदाने सांगा.

अक्षरवेल
निंबोणी, मूळ प्रश्नाकडे येऊ. "लवकर कुठली येईल" याचं उत्तर लाटव्हियन, यावर बहुतेकांचं एकमत दिसतंय, माझंही. पण तुला परीक्षा द्यायची नाहीये, गुडघा दुखतोय का ते विचारायचंय. त्यासाठी दोन्हीकडे एकेक शब्द पुरे. आपल्या "का" सारखा प्रश्नाचा शब्द दोन्ही भाषांत आहे. लाटव्हियनमध्ये "वाय", वाक्याच्या सुरुवातीला. ह्माँगमध्ये "पुआ", क्रियापदाच्या आधी. तो घातलास की आवाज वर न्यायची गरजच उरत नाही.

तांबडी_माती
अगदी! "कॉ पुआ मॉ?" कॉ म्हणजे तू, वरून खाली आण. पुआ खालच्या पट्टीत. मॉ उंच, आणि तिथेच धरून ठेव, चढवू नकोस. त्याआधी "पॉ" म्हणून हाक मार, भाकरीच्या श्वासाने. दुखत नसेल तर "चि मॉ" म्हणतील.

निंबोणी
आज जाऊन आले. गाडीत वीस वेळा म्हणून बघितलं होतं.

आजोबांना विचारलं, "वाय साप?" ते म्हणाले, "नेसाप." नाही दुखत. मग निघताना "पल्दिएस" म्हणाले, म्हणजे धन्यवाद. रीगाचा_पाऊस, यातही दिएव्स आहे ना?

आजींसमोर खाली बसले. हात गुडघ्यावर ठेवला. पॉ, कॉ पुआ मॉ? त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. माझा हात उचलला, दोन बोटं डावीकडे सरकवून वाटीच्या खालच्या बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मॉ."

रीगाचा_पाऊस
आहे ताई. "देव मदत करो" चं आखडून पल्दिएस झालंय. आणि जोर दुसऱ्या अक्षरावर द्या, पल्-दिएस. बाकी जवळजवळ सगळ्या शब्दांत तो पहिल्यावर असतो.